सहाशे निळे शिपाई

११ फेब्रुवारी, मंगळवार

काही होणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आज सरळच सांगून टाकलं. मागची नस सुकत चाललीय. थेंब घालायचे, गोळ्या घ्यायच्या, पण गेलेलं परत येत नाही आणि जायचं थांबतही नाही. "किती दिवस?" मीच विचारलं. "सांगता येत नाही हो. उन्हाळ्याअखेरपर्यंत बऱ्यापैकी दिसेल असं धरून चाला." धरून चाला म्हणे!

ह्यांनी एक शब्द विचारला नाही. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले, बाईंनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. परत येताना बसमध्ये म्हणाले, "चला, विजेची बिलं वाचायची कटकट गेली." मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर दोघंही गप्प. भांडी मात्र खूप आपटली मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या खोलीबद्दल ह्या वहीत कधी लिहिलं नाही. मुद्दामच. बावीस वर्षं त्या खोलीला पाण्यात पाहत आलेय मी. ऑफिस सुटलं की चहा, चहा झाला की खोली! करंगळीच्या पेराएवढे धातूचे शिपाई — दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लढाईतले — आणि हे डोळ्याला भिंग लावून त्यांच्या कोटाची बटणं रंगवणार. बटणं! एखादा मनासारखा उतरला नाही की थिनरमध्ये बुडवायचा, रंग काढायचा, पुन्हा पहिल्यापासून. बावीस वर्षांत एकसष्ट शिपाई झाले, ते काचेच्या कपाटात. उरलेले सहाशे डब्यांत पडलेत, नागडे.

ही झाली निळी फौज. समोरची तांबडी औषधवाल्यांची. ह्यांचे एकुलते एक मित्र. औषधांचं दुकान चालवायचे म्हणून औषधवाले. त्यांनी आपली फौज एका हिवाळ्यात रंगवून मोकळी केली आणि तेव्हापासून बिचारे वाट बघतायत. पुलाची लढाई खेळायची ठरलीय — मोठ्या टेबलावर, फासे टाकून. इतिहासात जशी झाली तशीच होते की उलटी, ते फासे ठरवणार. दरवर्षी ते विचारतात आणि दरवर्षी ह्यांचं ठरलेलं उत्तर, "अजून सैन्य तयार नाही."

आज औषधवाले सांगायला आले होते, की जूनअखेर ते लेकीकडे राहायला जाणार. दूर, दुसऱ्या गावी, कायमचे. हे बराच वेळ बशीवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "सगळं सैन्य एकदा टेबलावर उभं बघायचं होतं. एकदाच. राहिलं."

राहिलं! माझ्या बावीस वर्षांच्या संध्याकाळी खाल्ल्या त्या खोलीनं, आणि वर म्हणे राहिलं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी रंगवणार.

एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या रंगवतेय. दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ अशी सोडते की डेंटिस्टही फसावा. हे शिपाई काय दाढेपेक्षा मोठे आहेत? आणि लॅबमध्ये नवं मशीन आल्यापासून मला तसंही आठवड्यात तीनच दिवस बोलावतात. उरलेले चार दिवस मी नुसती घड्याळाकडे बघत बसते.

ह्यांना सांगितलं. "तू?" म्हणाले. नुसतं — तू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

औषधवाले शिकवायला आले. ह्यांना खोलीबाहेर बसवलं, नाहीतर पहिल्या मिनिटाला भांडण. औषधवाल्यांची पद्धत अशी, की आइस्क्रीमच्या काडीवर दहा-दहा शिपाई डिंकानं उभे करायचे. सगळ्यांवर एकदम काळा फवारा मारायचा, ते अस्तर. मग एकेक रंग घ्यायचा आणि तुकडीतल्या साठच्या साठ जणांना लावायचा — सगळे कोट, मग सगळ्या विजारी, मग सगळे चेहरे, मग बंदुका. एक शिपाई पूर्ण करायच्या नादी लागायचं नाही. शेवटी पातळ तपकिरी पाणी वरून सोडायचं. ते आपोआप खाचांत जाऊन बसतं आणि सावल्या तयार होतात. (हे तर मी रोजच करते! दाढेत आणि ह्यांच्यात फरक एवढाच, की दाढेला विजार नसते.)

"आणि डोळे?" मी विचारलं.

"डोळे काढायचे नाहीत, वहिनी. बटणं नाहीत, कफ नाहीत. तीन हातांवरून बघायचं. तीन हातांवरून सैन्य दिसलं, की झालं काम."

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आंधळी फौज!"

मग औषधवाल्यांनी ब्रश धुवायला घेतला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिले दहा झाले. लॅबमधला ब्रश वापरला. चेहऱ्यांना काय रंग द्यावा कळेना, शेवटी हाताच्या सवयीनं जो मिसळला तो लावला. आता ओळीनं उभे केल्यावर लक्षात आलं — ए-थ्री! कवळीची शेड! दहाच्या दहा जणांची तोंडं दातांसारखी दिसतायत. एकटीच हसत सुटले. कितीतरी महिन्यांनी.

सुकायला खिडकीत ठेवलेत. उद्या ह्यांना दाखवेन.

१ मार्च, शनिवार

थिनरमध्ये बुडवले. माझे दहाच्या दहा! भाजी घेऊन आले तर बरणीत तळाशी, पुन्हा नागडे, आणि हे शेजारी बसून दात घासायच्या ब्रशनं एकेकाचा रंग काढतायत. "हे असं नसतं," म्हणाले. "तोंड पिवळं कसं असेल माणसाचं? पट्टा कोटावर सांडलाय. अगं, हा गडद निळा नाही, हा धोब्याचा निळा आहे!"

धोब्याचा! भाजीची पिशवी तिथेच टाकली मी. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतंय — "बावीस वर्षं बटणं रंगवलीत, काय पदरात पडलं? एकसष्ट! तुमचं एक काम तरी पुरं झालंय का जन्मात? घराला रंग अर्धा, लेकीच्या खोलीतलं कपाट अर्धं, आणि मी? माझ्याशी तरी कधी पूर्ण वाक्य बोललात?"

ह्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला, तोही नीट, टोक वर करून. मला तेच सहन होत नाही.

२ मार्च, रविवार

बोलणं बंद. संबंध फक्त डोळ्यांत थेंब घालण्यापुरता. मान मागे टाकून बसतात, मी घालते, उठतात.

५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. "आई, ह्या वयात तू बाहुल्या रंगवतेस?" म्हटलं, बाहुल्या नाहीत, पायदळ आहे. हसली. मग म्हणाली, "बाबांना ऐकायची पुस्तकं लावून दे ना. मन रमेल." सगळ्यांना कसं सोपं वाटतं. चार महिन्यांनी ह्या माणसाला पुढ्यातलं ताट दिसणार नाही, आणि म्हणे मन रमेल. मला वाटतं माझंच रमणार नाही कशात.

तरी सकाळी साठ जणांना अस्तर मारलं. का मारलं कोण जाणे. हात रिकामे राहिले की वाईट विचार येतात, एवढंच.

११ मार्च, मंगळवार

सकाळी उठून हे खिडकीपाशी उभे होते, कितीतरी वेळ. चहा गार झाला. काय झालं विचारलं तर "काही नाही." मग आपणहून मागच्या खोलीत आले आणि स्टूल ओढून बसले. मी साठ विजारी रंगवत होते. भांडायला आले असं वाटून मी आधीच तोंड फुगवून ठेवलं. पण भांडले नाहीत. "कुठपर्यंत आलीस?" म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

जिंकले! लिहून ठेवते, जिंकले!

पहिली तुकडी पुरी झाली. साठ जण, निळे कोट, राखाडी विजारी, तपकिरी पाणी सोडून, पायाखालच्या चकत्यांवर वाळू आणि हिरवळ लावून. टेबलाच्या कडेला मांडले आणि ह्यांना बोलावलं. माझ्या छातीत धडधडत होतं, नवरा बघायला आल्यावर नव्हतं झालं एवढं. वाकले. एक उचलला, बोटांत फिरवला, खाली ठेवला. म्हणाले, "तीन हातांवरून बघायचं ना?"

"हो."

तीन पावलं मागे सरकले. "मग छान आहे. छानच आहे गं."

टोकलं नाही! एका शब्दानं टोकलं नाही! चेहरे नाहीत, पट्टे नाहीत, निळ्याचा धोबी नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला 'छान' नंतर 'पण' लागला नाही असं पहिल्यांदा झालं. लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणाले, "नवरा बदललात की काय?"

२३ मार्च, रविवार

एकशे वीस.

२ एप्रिल, बुधवार

काम वाटून घेतलंय. मी रंगवते, हे सुकलेले शिपाई काडीवरून सोडवून चकत्यांवर चिकटवतात आणि डिंकावर वाळू भुरभुरतात. सगळं बोटांनीच. "डोळ्यांना तेवढीच विश्रांती," म्हणतात. आणि बोलतात! ह्या माणसाला एवढं बोलता येतं? पुलाच्या लढाईत म्हणे निळ्यांचा सरदार घोड्यावरून चुकीच्या काठावर गेला आणि दुपारपर्यंत शत्रूला हुकूम देत बसला. "आणि शत्रूनं ऐकले?" मी विचारलं. "दोन ऐकले," म्हणाले. मला एवढं हसू आलं की चार जणांच्या टोप्या निळ्या झाल्या.

पण बाहेर पडलं की कळतं. पायरी चुकतात. दाढी करताना गालावर एक पट्टा तसाच राहतो. आज चहा ओतताना कप सोडून शेजारीच ओतला, आणि मग कपाला दोष देत बसले. मी फडका मारला. न्हाणीघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले.

८ एप्रिल, मंगळवार

आज धीर करून विचारलं. "खरं सांगा, किती दिसतं?"

"बारीक गेलं," म्हणाले. "अक्षर गेलं. माणसाचं तोंड जवळून कळतं. पण रंग दिसतात मला. रंग अजून आहेत."

रंग अजून आहेत. दिवसभर हेच वाक्य घोळवतेय. मग ही पद्धत त्यांच्यासाठीच केलेली म्हणायची — बटणं नकोत, डोळे नकोत, नुसता रंगाचा पट्टा. टेबलावर सहाशे निळे उभे राहिले तर दिसतील. दिसायलाच हवेत. एवढं एक तरी पुरं होऊ दे ह्या घरात.

१९ एप्रिल, शनिवार

दोनशे चाळीस. मान धरलीय. ह्यांनी तेल लावून चोळली. अंगठा चुकीच्या ठिकाणी होता, पण सांगितलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

तीनशे. अर्धी वाट.

लॅबमध्ये आता दोनच दिवस. मालक नजर चुकवून बोलले. मला फार वाईट वाटलं नाही, आणि ह्याचंच वाईट वाटलं.

९ मे, शुक्रवार

आज तपासणी होती. नेमकी आज मला लॅबमध्ये जावं लागलं, म्हणून औषधवाले घेऊन गेले. संध्याकाळी विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? "आहे तसंच आहे," म्हणाले. "वाईट नाही म्हणाल्या."

वाईट नाही! तासभर मी हवेत होते. लेकीला फोन लावला. मग भांडी घासताना आठवलं, की औषधवाले दारातूनच परत गेले. चहाला थांबले नाहीत. ते चहा सोडून जाणाऱ्यांतले नव्हेत. पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला हजार कामं. सामान बांधायचंय त्यांना.

१३ मे, मंगळवार

चारशे वीस. घोडे सुरू केले. घोड्यांना तपकिरी पाण्याचे दोन हात लागतात.

२० मे, मंगळवार

हे पडले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्याला अडखळून! गुडघा फुटला, कपाळाला टेंगूळ आलं. उचलायला गेले तर हात झटकला आणि म्हणाले, "असू दे, कळलं मला, इथे उंबरा आहे." बत्तीस वर्षं आहे तिथे तो उंबरा!

मी ब्रश फेकून दिला. रंगाच्या वाट्या सिंकमध्ये ओतल्या. कशासाठी करतेय मी हे? सहाशे शिपाई उभे केले म्हणून नस ओली होणार आहे का? एक रविवार. एक दुपार बघतील, आणि मग वर्षानुवर्षं काळोख, आणि त्या काळोखात मी ह्यांचा हात धरून उंबरे मोजणार. देवाशी भांडावंसं वाटतं, पण त्याच्याशी बोलणं सोडून मला फार वर्षं झाली.

२१ मे, बुधवार

गेले नाही खोलीत.

२२ मे, गुरुवार

नाही गेले.

२५ मे, रविवार

हे बाहेरच्या खोलीत आले, भिंतीला हात लावत. माझ्या खुर्चीपाशी उभे राहिले. "आज पण नाही येणार खोलीत?" इतक्या हळू आवाजात, की मला आधी रागच आला. मग म्हणाले, "नको रंगवू हवं तर. नुसती येऊन बस."

गेले. बसले. थोड्या वेळानं हात शिवशिवायला लागले, ब्रश शोधला. कपाटाखाली गेला होता.

४ जून, बुधवार

पाचशे दहा. रोज सकाळी सहापासून बसते. मान, डोळे, कंबर, सगळ्यांनी संप पुकारलाय. औषधवाल्यांची निघायची तारीख ठरली, चोवीस. म्हणजे लढाई बावीसला, रविवारी. त्यांनी आपल्या घरचं मोठं टेबल आणून ठेवलंय आमच्याकडे. जाताना म्हणाले, "वहिनी, एवढं नाही केलंत तरी चाललं असतं." मी म्हटलं, "आता सांगताय?" त्यावर नुसतं हसले, ते हसूही धड नव्हतं.

१२ जून, गुरुवार

एक पंचाईत झालीय. हे शिपाई सारखे हाताळतात. रोज एकेक तुकडी घेऊन बसतात, टोपीवरून, बंदुकीवरून बोटं फिरवत राहतात. पहिल्या तुकडीच्या टोप्यांचे शेंडे घासून आतला धातू चमकायला लागलाय! औषधवाले म्हणाले, सगळ्यांवर वार्निशचा फवारा मारायला हवा, मग रंग हलत नाही. तो अगदी शेवटी, सहाशे पुरे झाल्यावर, एकदम.

१८ जून, बुधवार

सहाशे.

शेवटचा ढोलवाला होता. त्याच्या ढोलाला उगाचच एक पिवळी रेघ ओढली. तीन हातांवरून दिसणार नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

हे म्हणाले, "झाले?" म्हटलं, झाले. खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. "बावीस वर्षं," म्हणाले, "आणि तू चार महिन्यांत." ह्यात 'पण' नव्हता. वाट बघितली, आला नाही.

२० जून, शुक्रवार

चार दिवस पाऊस आहे. वाळत घातलेले कपडे तसेच ओले, मिठाचा गोळा झालाय. औषधवाल्यांनी फोनवर बजावलं, "वहिनी, ओल्या हवेत वार्निश मारू नका. कोरडा दिवस बघा." कोरडा दिवस कुठून आणू? रविवार परवावर आला. आज नाही मारलं तर पहिल्याच डावात अर्धी फौज घासून निघेल, ह्यांच्या बोटांखाली.

दुपारी पाऊस तासभर थांबला. गॅलरीत पेपर अंथरून सहाशेच्या सहाशे मांडले आणि फवारा मारून टाकला. ओले असताना काय सुंदर दिसत होते! निळा असा खोल, भरलेला.

२१ जून, शनिवार

गेलं. सगळं गेलं.

सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि वाटलं, कोणीतरी वरून पीठ चाळलंय. पांढरे. सगळे पांढरे. फुंकर मारली, पुसून बघितलं — पीठ नाही, वार्निशच. हवेतली ओल त्यात अडकली आणि वाळताना सगळं पांढरंफटक झालं. कोट पांढरे, विजारी पांढऱ्या, घोडे पांढरे. सहाशे शिपाई राखेत लोळून आल्यासारखे. निळ्याचा एक ठिपका शोधून सापडत नाही.

दुसरा हात मारून बघितला चार-पाच जणांवर. अजून पांढरे. औषधवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, तेलाचं बोट फिरवून बघा. दहा जणांना चोळलं, तर तेलकट करडे झाले, आणि बोटाला निळा लागून आला. म्हणजे रंगही चालला. बरं, हे करायचं तरी किती जणांना? उद्या सकाळी लढाई.

मला साधी गोष्ट सांगितली होती. कोरडा दिवस बघा. हौसेला पंख फुटले माझ्या, धीर धरवला नाही. बावीस वर्षं ह्यांना म्हणत आले की एक काम पुरं करत नाहीत. मी केलं पुरं! झक्क केलं! ह्यांच्याकडे बघण्यासारखी एक दुपार शिल्लक होती, तिच्यावर मी चुना फासला.

हे आत शांत झोपलेत. उद्या नवा शर्ट घालणार आहेत, काढून ठेवायला सांगितलाय. कसं सांगू? इतके महिने रंग आहेत, रंग आहेत, ह्या एका वाक्यावर जगले मी. आणि आता दाखवायला रंगच नाही.

सकाळी, औषधवाले यायच्या आत, सांगेन. रागावले तर रागावू देत. थिनरमध्ये बुडवा म्हणेन, मलाही.

२२ जून, रविवार

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात औषधवाले आले आणि हे तडक टेबलापाशी गेले. मी मांडून ठेवली होती ती पांढरी फौज. एक शिपाई तळहातावर घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मग वळून म्हणाले, "अगं, निळा काय खुललाय! वार्निशनं बघ कसा उठून दिसतोय!"

औषधवाले माझ्याकडे बघेनात. चहाच्या निमित्तानं त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "कधीपासून?"

"मार्च," म्हणाले. "एका सकाळी उठला आणि रंग गेलेले. तुम्हाला सांगू नको म्हणाला, वहिनी. सांगितलं तर ती ब्रश खाली ठेवेल, आणि खोलीत यायची बंद होईल."

बाहेर आले. हे टेबलाशी वाकून शिपायांना बोटांनी चाचपत पुलापाशी ओळीत लावत होते. नवा शर्ट उलटा घातला होता. मी म्हटलं, "हो. निळा खरंच छान उतरलाय."